पँपानिटो पाणबुडी आणि अ‍ॅस्बेस्टॉस : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बे एरियात राहतो आणि गेल्या काही वर्षांत भारतातून जो कोणी पाहुणा आला त्याला सॅन फ्रान्सिस्कोची पँपानिटो पाणबुडी दाखवायला घेऊन गेलोय. फोटो टाकले की लोक प्रश्न पाठवतात. आधी सगळे टॉर्पेडो आणि जपानबद्दल असायचे, मग एकदा मी इंजिनरूमच्या फोटोखाली अ‍ॅस्बेस्टॉसबद्दल चार ओळी लिहिल्या आणि तेव्हापासून निम्मे मेसेज त्याचेच येतात. माझे सख्खे काका मुंबईत गोदीत पाइपांना लॅगिंग, म्हणजे उष्णता अडवणारं अ‍ॅस्बेस्टॉसचं वेष्टन, करायचे आणि शेवटची सहा वर्षं त्यांची धाप लागण्यात गेली, त्यामुळे या प्रश्नांची उत्तरं मी मनापासून देतो. तेच तेच प्रश्न परत येतात म्हणून सगळे इथे एकत्र केलेत. लांबलचक झालंय, पण प्रत्येक उत्तर वेगळं वाचलं तरी चालेल.

१. पँपानिटो म्हणजे नक्की कुठली पाणबुडी? आणि नाव असं का?

अमेरिकन नौदलाची दुसऱ्या महायुद्धातली डिझेल-इलेक्ट्रिक पाणबुडी, नंबर ३८३. अमेरिकेत तेव्हा पाणबुड्यांना माशांची नावं द्यायचे, पँपानिटो हा पॉम्पानोच्या नात्यातला एक मासा. ही बलाओ क्लासची बोट, म्हणजे आधीच्या गॅटो क्लासपेक्षा जाड पोलादाची, ३०० फुटांऐवजी ४०० फूट खोल जाऊ शकणारी. या क्लासच्या १२० पाणबुड्या बांधल्या गेल्या. लांबी साधारण ९५ मीटर, म्हणजे आपल्या लोकलचे साडेचार डबे एकामागे एक लावले तर जेवढे होतील तेवढी, आणि त्यात ८० माणसं, चार डिझेल इंजिनं, बॅटरीचे २५२ सेल, दहा टॉर्पेडो ट्यूब आणि २४ टॉर्पेडो. माणसं टॉर्पेडोच्या बाजूला बंक टांगून झोपायची. ही दाटी लक्षात ठेवा, पुढे धुळीच्या प्रश्नात (प्रश्न ८) कामाला येते.

२. ही कुठे बांधली? पोर्ट्समथ मेनमध्ये आहे की न्यू हॅम्पशायरमध्ये?

पोर्ट्समथ नेव्हल शिपयार्डमध्ये. नाव पोर्ट्समथ, जे न्यू हॅम्पशायरमधलं गाव, पण यार्ड नदीच्या मधल्या बेटावर, किटरी, मेन या पत्त्यावर. या दोन राज्यांचं भांडण २००१ साली सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि निकाल मेनच्या बाजूने लागला.

पँपानिटोची कील, म्हणजे तळाचा कणा, १५ मार्च १९४३ ला ठेवली, १२ जुलै १९४३ ला ती पाण्यात उतरली आणि ६ नोव्हेंबर १९४३ ला नौदलात दाखल झाली. तारखा नीट बघा, कील ते जलावतरण चार महिने पण नाही. या यार्डने युद्धात ७० हून जास्त पाणबुड्या बांधल्या आणि २७ जानेवारी १९४४ ला तर एकाच दिवशी चार पाण्यात सोडल्या. युद्ध ऐन भरात असताना तिथे वीस हजारांच्या आसपास लोक कामाला होते, त्यात बायकाही होत्या, शिफ्टवर शिफ्ट चालायच्या. या वेगाचं कौतुक सगळीकडे वाचायला मिळतं आणि ते खरंही आहे, पण एवढ्या वेगात एकाच पोलादी नळकांड्यात लॅगिंगवाला, वेल्डर, इलेक्ट्रिशियन आणि झाडूवाला सगळे एकाच वेळी काम करत होते हे कोणी फारसं लिहीत नाही.

३. लढाईत हिने काय काय केलं?

सहा युद्धगस्ती केल्या, सगळ्या पॅसिफिकमध्ये, आणि सहा बॅटल स्टार, म्हणजे लढाईतल्या सहभागाचे मान, मिळवले. म्युझियमच्या हिशोबाने सहा जपानी जहाजं बुडवली.

पहिली गस्त मार्च ते मे १९४४, सायपान आणि ग्वामच्या आसपास, त्यात डेप्थ चार्जचा, म्हणजे पाण्याखाली फुटणाऱ्या बॉम्बचा, मार खाल्ला पण हाताला काही लागलं नाही. दुसरी थेट जपानच्या किनाऱ्याजवळ. तिसरी सगळ्यात गाजलेली, तिच्यासाठी वेगळा प्रश्न खाली आहे. चौथीत नोव्हेंबर १९४४ मध्ये शिंको मारू नावाचं मालवाहू जहाज बुडवलं. पाचवी सयामच्या (आजच्या थायलंडच्या) आखातात, तिथे फेब्रुवारी १९४५ मध्ये दोन दिवसांच्या अंतराने एंगेन मारू आणि ईफुकू मारू बुडाली. सहावी रिकामी गेली. मग दुरुस्तीसाठी सॅन फ्रान्सिस्को, १ जून १९४५ ला पर्ल हार्बरकडे परत निघाली आणि पुढच्या गस्तीला जायच्या आत युद्धच संपलं.

एवढं वाचून हे सोपं काम होतं असं वाटू नये. त्या युद्धात अमेरिकेच्या ५२ पाणबुड्या गेल्या आणि साधारण साडेतीन हजार माणसं त्यांच्याबरोबर गेली.

४. स्वतःच जहाज बुडवलं आणि मग त्यातलेच कैदी वाचवले, हे खरं आहे का?

अर्धं खरं आहे, आणि हे नीट सांगायला पाहिजे कारण सगळीकडे गोंधळ करून लिहिलेलं असतं.

सप्टेंबर १९४४ मध्ये सिंगापूरहून जपानकडे एक काफिला निघाला. त्यात राकुयो मारूवर १,३०० च्या वर ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन युद्धकैदी होते आणि काचिडोकी मारूवर ९०० ब्रिटिश. हे लोक सयाम-बर्मा रेल्वेवर राबून आधीच हाडांचा सापळा झालेले. जहाजांवर कैदी आहेत अशी कुठलीही खूण नव्हती. १२ सप्टेंबरला सीलायन, ग्राउलर आणि पँपानिटो या तीन पाणबुड्यांनी काफिल्यावर हल्ला केला. राकुयो मारूवर पहाटे सीलायनने टॉर्पेडो मारले आणि ती संध्याकाळपर्यंत बुडाली, काचिडोकी मारू त्याच रात्री पँपानिटोने बुडवली. काचिडोकीवरच्या बऱ्याच कैद्यांना जपानी जहाजांनी उचललं, आणि राकुयोचे बहुतेक कैदी समुद्रातच राहिले.

१५ तारखेला पँपानिटो त्या भागात परत आली तेव्हा तराफ्यांवर माणसं दिसली. सुरुवातीला क्रूला वाटलं जपानी असतील, हत्यारं काढून तयार होते, जवळ गेल्यावर इंग्रजीत ओरडणं ऐकू आलं. ती माणसं तीन दिवसांहून जास्त पाण्यात होती, अंगभर काळं तेल, बऱ्याच जणांना धड बघताही येत नव्हतं. क्रूमधले काही जण स्वतः पाण्यात उड्या मारून त्यांना ओढून आणत होते. कॅप्टन पॉल समर्स यांनी जेवढे सापडले तेवढे वर घेतले, ७३ जण, आणि वायरलेसवरून सीलायनला बोलावलं, तिने ५४ घेतले. नंतर बार्ब आणि क्वीनफिश या पाणबुड्यांनी आणखी ३२ शोधले. एकूण १५९. पँपानिटोने उचललेले ७३ हे राकुयोचे, म्हणजे पँपानिटोने बुडवलेल्या जहाजावरचे नव्हते. पण तिनेही कैद्यांनी भरलेलं एक जहाज बुडवलं होतं आणि त्यात माणसं मेली होती, हेही तेवढंच खरं. दोन्ही गोष्टी एकत्र सांगायला हव्यात.

८० माणसांच्या बोटीत ७३ आणखी. डॉक्टर नव्हता, एक फार्मसिस्ट मेट, म्हणजे औषधोपचार बघणारा खलाशी, होता, त्याने आणि बाकीच्यांनी मिळून या सगळ्यांची सेवा केली आणि सायपानला उतरवलं. मी तिथे मागच्या टॉर्पेडो रूममध्ये उभा राहतो तेव्हा दरवेळी मनात मोजायला लागतो की इथे किती माणसं मावतील.

५. युद्धानंतर तिचं काय झालं?

१५ डिसेंबर १९४५ ला सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या मेअर आयलंडला सेवेतून काढली, बरीच वर्षं राखीव ताफ्यात पडून राहिली, १९६० पासून व्हालेहोला नेव्हल रिझर्व्हच्या ट्रेनिंगसाठी वापरली, १९७१ च्या डिसेंबरात यादीतून नाव कमी झालं. १९८२ पासून फिशरमन्स वॉर्फच्या पिअर ४५ वर म्युझियम म्हणून उघडी आहे आणि १९८६ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक वारसा म्हणून जाहीर झाली.

६. अ‍ॅस्बेस्टॉस म्हणजे काय आणि जहाजात तो घालायचेच कशाला?

हा खाणीतून निघणारा दगड, पण त्याचे कापसासारखे धागे निघतात, विणताही येतात. जळत नाही, उष्णता अडवतो, गंजत नाही, ॲसिडला दाद देत नाही आणि स्वस्त. जहाजावर सगळ्यात मोठी भीती आगीची, त्यामुळे नौदलाच्या स्पेसिफिकेशनमध्येच तो लिहिलेला असायचा, यार्डने आपल्या मनाने घातलेला नव्हता. मुख्य तीन प्रकार वापरात होते, पांढरा क्रायसोटाइल, तपकिरी अमोसाइट आणि निळा क्रोसिडोलाइट, आणि तिन्ही कॅन्सर करतात.

धोका असा की तो कापला, घासला, फोडला की त्याचे धागे केसापेक्षा कितीतरी बारीक होऊन हवेत तरंगतात. डोळ्याला दिसत नाहीत, वास येत नाही, शिंकही येत नाही. श्वासातून खोल फुप्फुसात जातात आणि शरीराला ते विरघळवता येत नाहीत, तिथेच रुतून बसतात.

७. डिझेल पाणबुडीत वाफेचा बॉयलर नसतो, मग अ‍ॅस्बेस्टॉस होता कुठे?

चांगला प्रश्न आहे आणि तो विचारणारे बहुतेक मरीन इंजिनिअर असतात. बरोबर आहे, बॅटलशिप किंवा डिस्ट्रॉयरवर वाफेचे मैलोन्मैल पाइप असायचे आणि त्यांच्यावर जाड लॅगिंग, त्यामानाने डिझेल बोटीत माल कमी. पण त्या काळच्या बोटींत गरम पाइपांचं लॅगिंग होतंच, समुद्राचं पाणी उकळून गोडं करणारी यंत्रं होती, पाइपांच्या जोडांना गळती अडवणारे गॅस्केट होते, प्रत्येक व्हॉल्व्हला पॅकिंगची दोरी, इलेक्ट्रिक केबलवरचं आवरण, पॅनेलमधले इन्सुलेशनचे बोर्ड, ब्रेकचे लायनर.

एक गैरसमज मात्र काढून टाका. आत भिंतींना जे जाड अस्तर असतं ते दाखवून लोक म्हणतात हा बघा अ‍ॅस्बेस्टॉस. त्या काळच्या अमेरिकन पाणबुड्यांच्या आतल्या बाजूला कॉर्क लावायचे, बाटलीच्या बुचाचं लाकूड असतं ना तेच, म्हणजे भिंतीवर पाणी साचून टपटप गळू नये. कॉर्कचा या रोगाशी काही संबंध नाही.

८. जास्त धोका कोणाला होता, बांधणाऱ्यांना की खलाशांना?

बांधणाऱ्यांना आणि त्याहून जास्त दुरुस्तीवाल्यांना.

नवीन लॅगिंग बसवताना करवतीने कापायचं, पावडर पाण्यात कालवून लिंपायची, कापड गुंडाळून शिवायचं, प्रत्येक वेळी धूळ. पण जुनं लॅगिंग काढताना ते सुकून भुसभुशीत झालेलं असतं, हातोडीने पाडलं की ढगच उठतो, म्हणून ओव्हरहॉलचं काम वाईट. पँपानिटोसुद्धा १९४५ च्या वसंतात सॅन फ्रान्सिस्कोत अशा ओव्हरहॉलला होती. एका जहाजाचं बांधकाम एकदाच होतं, दुरुस्ती मात्र पुन्हा पुन्हा होते.

आणि नुसते लॅगिंगवालेच नाहीत. माझ्याकडे येणाऱ्या मेसेजमध्ये "बाबा तर वेल्डर होते, त्यांचा काय संबंध" हे वाक्य खूपदा असतं. संबंध हाच की पाणबुडीच्या आत अरुंद बोगद्यात सगळे खांद्याला खांदा लावून काम करतात, एकाने धूळ उडवली की ती सगळ्यांची. वेल्डर तर ठिणग्या अडवायला अ‍ॅस्बेस्टॉसचं कापडच अंगाखाली अंथरून बसायचे. संध्याकाळी झाडू मारणारा माणूस दिवसभराची बसलेली धूळ परत उडवायचा.

खलाशांचं वेगळं. धूळ यार्डएवढी नाही, पण यार्डचा कामगार शिफ्ट संपली की बाहेर पडतो आणि खलाशी दोन-दोन महिने त्याच हवेत खातो, झोपतो. त्यातही इंजिनरूमवाल्यांना जास्त, कारण गॅस्केट जळून चिकटलेला असतो, तो पत्र्याने खरवडून काढावा लागतो, व्हॉल्व्हचं पॅकिंग बदलावं लागतं. डेप्थ चार्ज फुटला की अख्खी बोट हादरून आतलं काय काय सुटून खाली पडायचं. सोनार (आवाजावरून जहाज शोधणारं यंत्र) किंवा रेडिओवर बसणाऱ्याला त्यामानाने कमी. पण पाण्याखाली असताना बोटीतली हवा एकच असते आणि ती सगळ्यांची असते.

९. त्या वेळी कोणालाच माहीत नव्हतं ना? मग दोष कोणाला देणार?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो आणि यावर मला सगळ्यात जास्त बोलायचं असतं. माहीत होतं.

इंग्लंडमध्ये रॉचडेलच्या अ‍ॅस्बेस्टॉस कारखान्यात काम करणारी नेली करशॉ १९२४ मध्ये वारली, तेहतीस वर्षांची होती, आणि डॉक्टर विल्यम कूक यांनी तिच्या फुप्फुसातले धागे दाखवून त्यावर लिहिलं. त्यातूनच पुढे अ‍ॅस्बेस्टोसिस हे नाव रूढ झालं. १९३१ मध्ये ब्रिटनने धुळीवर कायदाही केला. हे सगळं पँपानिटोची कील ठेवायच्या बारा वर्षं आधीचं.

अमेरिकेत १९४१ मध्ये नौदलाच्या वैद्यकीय विभागातल्या एका अधिकाऱ्यानेच वरिष्ठांना लिहून कळवलं होतं की अ‍ॅस्बेस्टॉसवर काम करणाऱ्यांचं आपण पाहिजे तसं संरक्षण करत नाही. आणि १९४३ मध्ये, हो, पँपानिटो ज्या वर्षी बांधली त्याच वर्षी, नौदल आणि मेरिटाइम कमिशन या सरकारी जहाज खात्याने कंत्राटी शिपयार्डसाठी सुरक्षेचे किमान नियम काढले, त्यात अ‍ॅस्बेस्टॉसचं काम वेगळ्या जागी करा, मास्क द्या, कामगारांची ठरावीक काळाने तपासणी करा हे स्वच्छ लिहिलंय. कागद तयार होता, पण युद्धाच्या घाईत तो अमलात आणणार कोण.

मग आला १९४६ चा अभ्यास, आणि याने सगळ्यात जास्त नुकसान केलं असं माझं मत आहे. नौदलाची जहाजं बांधणाऱ्या यार्डांतल्या १,०७४ लॅगिंग कामगारांची तपासणी केली, फक्त तीन जणांना अ‍ॅस्बेस्टोसिस सापडला आणि निष्कर्ष काढला की हा धंदा धोक्याचा नाही. आता यातली गोम बघा. त्या कामगारांपैकी ९५ टक्के लोकांना या कामावर दहा वर्षंसुद्धा झालेली नव्हती, बरेचसे युद्धासाठीच भरती झालेले. हा रोग दिसायलाच वीस वर्षं लागतात. म्हणजे आज पेरलं आणि उद्या शेतात जाऊन म्हणायचं काही उगवलं नाही. आणि हाच निष्कर्ष पुढे वर्षानुवर्षं दाखवला गेला.

खरं चित्र १९६४ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टर अर्व्हिंग सेलिकॉफ यांनी समोर आणलं. त्यांनी युनियनच्या नोंदी घेतल्या, १९४३ च्या आधीपासून कामावर असलेले ६३२ लॅगिंग कामगार वीस वर्षं पुढे तपासले. फुप्फुस आणि त्याच्या अस्तराच्या कॅन्सरने साधारण लोकसंख्येच्या हिशोबाने सहा-सात मृत्यू व्हायला हवे होते, झाले ४५. ज्यांना कामावर वीस वर्षं झाली होती अशा ३९२ जणांचे एक्सरे पाहिले तर ३३९ जणांच्या फुप्फुसात खुणा. १९४६ चे १,०७४ मध्ये तीन आणि हे ३९२ मध्ये ३३९, धंदा तोच, फरक फक्त किती वर्षांनी बघितलं याचा.

१०. रोग नक्की कोणते होतात, आणि दिसायला इतकी वर्षं का लागतात?

अ‍ॅस्बेस्टोसिस म्हणजे फुप्फुसं आतून चरे पडून कडक होणं, स्पंज वाळून टणक व्हावा तसं. आधी जिना चढताना धाप, मग चालताना, मग बसल्याबसल्या. कॅन्सर नाही, पण बरा होत नाही. फुप्फुसाचा कॅन्सर, हा वेगळा. मेसोथेलिओमा म्हणजे फुप्फुसाच्या किंवा पोटाच्या बाहेरच्या पातळ अस्तराचा कॅन्सर, एरवी फार दुर्मिळ, आणि १९६० मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या निळ्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या खाणींजवळच्या रुग्णांवरून याचा थेट संबंध दाखवला गेला. निदान झाल्यावर बहुतेक रुग्णांच्या हातात साधारण वर्षभर असतं. याशिवाय प्ल्यूरल प्लाक असतात, अस्तरावरचे जाड डाग, ते स्वतः कॅन्सर नाहीत पण धूळ आत गेली होती याचा पुरावा असतात.

वेळ लागतो कारण धागे तिथेच राहतात आणि शरीर त्यांच्याशी वर्षानुवर्षं झगडत राहतं, सूज येते, चरे पडतात, पेशी बिघडत जातात. वीस ते पन्नास वर्षं लागू शकतात. १९४३ मध्ये वीस वर्षांचा असलेला पोरगा १९८३ मध्ये साठीला आला, नोकरी दुसरी, गाव दुसरं, आणि तेव्हा छातीत पाणी झालं. त्याला स्वतःलाच पाणबुडी आठवत नाही, डॉक्टरला कुठून आठवणार.

हे रोग संसर्गाने पसरत नाहीत. रुग्णाजवळ बसा, त्याच्या ताटात जेवा.

११. काका सिगारेट प्यायचे, मग कॅन्सर सिगारेटचा की अ‍ॅस्बेस्टॉसचा?

दोन्हींचा, आणि बेरीज नाही तर गुणाकार. १९७९ च्या एका मोठ्या अभ्यासात नुसता अ‍ॅस्बेस्टॉस असेल तर फुप्फुसाच्या कॅन्सरने मरण्याचा धोका साधारण पाचपट, नुसती सिगारेट असेल तर दहापट आणि दोन्ही असेल तर पन्नासपटीच्या पुढे निघाला. म्हणून "तो तर सिगारेट ओढायचा" असं म्हणून कामाचा वाटा पुसून टाकता येत नाही. मेसोथेलिओमाचं वेगळं आहे, त्याचा सिगारेटशी संबंध नाही. आणि ज्याच्या छातीत आधीच धूळ गेलीय त्याने आज जरी सिगारेट सोडली तरी फायदा होतो.

१२. आई कधी यार्डात गेली नाही, तरी तिला कसा झाला?

कपड्यांमुळे. कामाचे कपडे घरी यायचे, बायका ते झटकून धुवायच्या, पोरं बाबा आले म्हणून पायाला मिठी मारायची. १९६५ मध्ये लंडनमध्ये झालेल्या अभ्यासात मेसोथेलिओमाच्या रुग्णांत कामगारांचे कपडे धुणाऱ्या घरच्या बायका सापडल्या, आणि कारखान्याजवळ नुसते राहणारे लोकही. आपल्याकडे डॉक्टर विचारतात "तुम्ही काय काम करता?" बाईंच्या बाबतीत "नवरा काय काम करायचा?" हेही विचारलं पाहिजे, आणि डॉक्टरने नाही विचारलं तर तुम्ही सांगा.

१३. पोर्ट्समथमध्ये नंतर अणुपाणबुड्या होत्या, मग तिथले कॅन्सर रेडिएशनचे नसतील कशावरून?

१९७८ मध्ये याच यार्डबद्दल रेडिएशन आणि ब्लड कॅन्सरवरून मोठी खळबळ उडाली आणि नंतर सरकारी संस्थेने कामगारांचा सविस्तर अभ्यास केला. फुप्फुसाच्या कॅन्सरचा रेडिएशनशी जो संबंध दिसत होता तो अ‍ॅस्बेस्टॉस आणि वेल्डिंगचा धूर हिशोबात घेतल्यावर कमी झाला, कारण रेडिएशनमध्ये काम करणारे लोकच जास्त करून या दोन्हींतही होते. पँपानिटोच्या बाबतीत हा प्रश्नच येत नाही, १९४३ मध्ये तिथे अणुभट्टी नव्हती.

१४. फक्त पँपानिटोवर काम केलेले किती जण याने गेले?

एका बोटीचा असा आकडा निघूच शकत नाही. यार्डचा माणूस एका वर्षात दहा-बारा बोटींवर काम करायचा, सकाळी एकीवर, दुपारी शेजारच्या गोदीतल्या दुसरीवर, आणि फुप्फुसातल्या धाग्यावर बोटीचा नंबर लिहिलेला नसतो. युद्धकाळात अमेरिकेच्या शिपयार्डांत चाळीस लाखांहून जास्त लोकांनी काम केलं. बुडवलेल्या जहाजांचं टनेज किलोपर्यंत मोजलं गेलं, गस्तीवर गेलेल्या माणसांची नावं पितळेच्या पाट्यांवर आहेत, ती असायलाच पाहिजेत. बांधणारे मात्र तीस-चाळीस वर्षांनी एकेकटे, वेगवेगळ्या गावांतल्या दवाखान्यांत गेले. त्यांची पाटी मला अजून कुठे दिसली नाही आणि याचं मला वाईट वाटतं.

१५. अमेरिकेत यांना भरपाई मिळते का?

कोण होता यावर आहे. नेव्हल शिपयार्डचा सिव्हिलियन कामगार म्हणजे केंद्र सरकारचा नोकर, त्याला त्यांच्या सरकारी कर्मचारी भरपाई कायद्यातून. खाजगी यार्डवाल्याला गोदी कामगारांच्या १९२७ च्या वेगळ्या कायद्यातून. खलाशाला व्हेटरन्स विभागाकडून, पण सुप्रीम कोर्टाच्या १९५० च्या निकालामुळे तो सेवेतल्या इजेसाठी सरकारवर दावा लावू शकत नाही.

माल बनवणाऱ्या कंपन्यांवर दावे चालतात. १९७३ च्या बोरेल खटल्यात लॅगिंग कामगार जिंकला आणि तिथून रांग लागली, १९८२ मध्ये जॉन्स-मॅनव्हिल ही सगळ्यात मोठी कंपनी दिवाळखोरीत गेली आणि भरपाईसाठी ट्रस्ट झाला. एक अवघड कोपरा म्हणजे पंप किंवा टर्बाइन बनवणारा म्हणायचा मी नुसतं लोखंड दिलं, अ‍ॅस्बेस्टॉस नौदलाने नंतर लावला. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने खलाशांच्याच प्रकरणात सांगितलं की तुमचं यंत्र अ‍ॅस्बेस्टॉस लावल्याशिवाय चालतच नसेल आणि तुम्हाला धोका माहीत असेल, आणि वापरणाऱ्याला तो कळेल असं मानायला कारण नसेल, तर सावध करणं तुमचं काम होतं.

१६. म्युझियममध्ये लहान मुलांना घेऊन जाऊ का?

मी माझ्या मुलीला नेलंय. घट्ट गुंडाळलेला, रंगवलेला, न फुटलेला अ‍ॅस्बेस्टॉस हवेत धागे सोडत नाही, त्याला छेडलं की सोडतो. तासाभराच्या फेरीत आणि वर्षानुवर्षं कापण्या-घासण्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. कुठल्याही जुन्या जहाजात कुठलंही वेष्टन नखाने खरवडू नका, तुकडा आठवण म्हणून खिशात घालू नका. आणि जुन्या जहाजाच्या दुरुस्तीला स्वयंसेवक म्हणून जाणार असाल तर तुमचा हिशोब पाहुण्याचा नाही, कामगाराचा, तेव्हा प्रश्न ८ परत वाचा.

१७. भारतात बंदी आहे का? आमच्या घरावर सिमेंटचा पत्रा आहे.

पूर्ण बंदी नाही. खाणींचे नवे परवाने १९८६ पासून बंद केले, पण बाहेरून पांढरा अ‍ॅस्बेस्टॉस आयात होतो आणि मुख्यतः सिमेंटच्या पत्र्यांत जातो. अमेरिकेने १९८९ मध्ये बंदी आणायचा प्रयत्न केला तो १९९१ मध्ये कोर्टात बराचसा पडला, पांढऱ्यावर बंदीचा नियम मार्च २०२४ मध्ये आला.

छपरावरच्या धड पत्र्याने रात्री झोपेत काही होत नाही. तो कापू नका, ड्रिल मारू नका, तारेच्या ब्रशने शेवाळ घासू नका, फुटलेले तुकडे अंगणात भरावाला टाकू नका. काढायचाच असेल तर पाणी मारून ओला करून अख्खा उतरवा.

जहाज फोडण्याचं काम वेगळंच. २००६ मध्ये क्लेमान्सो ही फ्रान्सची विमानवाहू नौका अलंगला तोडायला येत होती, आतल्या अ‍ॅस्बेस्टॉसवरून एवढा गदारोळ झाला की फ्रान्सला ती अर्ध्या वाटेवरून परत न्यावी लागली. मुंबईत दारूखान्यात जुनी जहाजं फोडतात, आपली पहिली विक्रांतही तिथेच फोडली. त्या कामावर तुमच्या ओळखीचं कोणी असेल तर हे पान त्यांना वाचून दाखवा.

१८. वडील मुंबईत जहाजदुरुस्तीत होते, आता धाप लागते. कुठून सुरुवात करू?

डॉक्टरकडे जायच्या आधी वडिलांजवळ वही घेऊन बसा. कुठल्या साली कुठे, कुठलं काम, इंजिनरूममध्ये की डेकवर, पांढरी दोरी किंवा कापड हातात यायचं का, शेजारी कोण लॅगिंग करायचं, मास्क मिळायचा का. काकांच्या वेळी आम्ही हे केलं नाही, टीबी समजून आठ महिने गोळ्या चालू होत्या आणि त्यांनी काय काम केलं हे एकाही डॉक्टरला आमच्यापैकी कोणी सांगितलं नाही.

मग छातीच्या डॉक्टरकडे जा, वही दाखवा, एक्सरेवर भागत नाही, सीटी स्कॅन आणि श्वासाची क्षमता मोजणारी टेस्ट लागते. छातीत पाणी झालं असेल तर ते नुसतं काढून टाकू नका, तपासायला पाठवायला सांगा, गरज पडली तर बायोप्सी.

कागदांचं म्हणाल तर आपल्या सुप्रीम कोर्टाने जानेवारी १९९५ मध्ये निकाल दिलाय की अ‍ॅस्बेस्टॉसच्या कारखान्यांनी आणि खाणींनी कामगाराच्या तब्येतीच्या नोंदी नोकरी लागल्यापासून ४० वर्षं किंवा सोडल्यापासून १५ वर्षं, यातलं जे नंतर येईल तोपर्यंत ठेवायच्या. तुमच्या वडिलांचा मालक त्यात थेट बसतो का ते वकिलाला विचारा, पण अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. आपल्या कामगार भरपाईच्या कायद्यात अ‍ॅस्बेस्टोसिस व्यवसायामुळे होणाऱ्या रोगांच्या यादीत आहे. जुना गेटपास, पगाराची चिठ्ठी, पीएफची स्लिप, कामावरच्या ग्रुपचा फोटो, काहीही रद्दीत देऊ नका. आणि वडिलांबरोबर त्या शिफ्टला असलेला एक जरी माणूस जिवंत असेल तर या रविवारीच त्याला भेटा, त्याच्याही छातीचं विचारा.